प्लॅनिंगची वही आणि महिन्याचा मार्गदर्शन कॉल: वापरून झाल्यावरचं माझं मत

आधी हे नक्की काय आहे ते सांगते. एक जाडसर वही येते, तारखा न छापलेली, आणि तिच्यासोबत महिन्यातून एकदा एका आध्यात्मिक मार्गदर्शकाशी व्हिडिओ कॉल असतो, साधारण पाऊण तासाचा. आपण आपलं प्लॅनिंग किती करायचं आणि कुठून पुढे विश्वासावर सोडायचं, एवढाच याचा विषय. कुठल्या एका पंथाचं नाहीये, साइन अप करतानाच विचारतात की तुम्ही जप करता की ध्यान की प्रार्थना की यातलं काहीच नाही, आणि त्याप्रमाणे मार्गदर्शक देतात.

मी हे घेतलं कारण पक्की नोकरी सोडून पुन्हा शिकायला जायचं डोक्यात होतं आणि आजूबाजूला दोनच प्रकारचे सल्ले मिळत होते, एक म्हणजे नीट आकडेमोड कर, भावनेच्या भरात काही करू नकोस, आणि दुसरा म्हणजे तू कशाला एवढा विचार करतेस, त्याच्यावर सोड, तो बघून घेईल. दोन्ही सल्ले जीव लावणाऱ्या माणसांनीच दिलेले. पण मला देवावर विश्वासही आहे आणि हप्ते कधी फिटणार तेही बघायचंय, त्यामुळे यातलं एक निवड असं कोणी म्हटलं की माझं पुढे काही सरकतच नव्हतं.

वहीची मांडणी मला फार आवडली. डाव्या पानावर रकाने आहेत, काय करायचं, कधीपर्यंत, कोणाची मदत लागेल, आणि शेवटी एक छोटा रकाना, 'असंच काम मागच्या वेळी केलं तेव्हा किती वेळ लागला होता?' हा रकाना सगळ्यात कामाचा आहे. कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्येच मांडलं होतं की आधीची कामं लांबली होती हे ठाऊक असूनही माणूस पुढच्या कामाला वेळ कमीच धरतो, आणि खरंच, मागचा आकडा शेजारी लिहिला की पुढची तारीख आपोआप शहाण्यासारखी पडते. उजवं पान जवळजवळ कोरं, वर फक्त एक ओळ, 'यातलं माझ्या हातात काय नाही?'

आणि नियम असा की डावं पान भरून त्याचा फोटो आधी पाठवायचा, नाहीतर कॉल पुढे ढकलतात. काही जणांना हे जाचक वाटेल, मला मात्र हाच या सगळ्याचा कणा वाटतो. आपण काहीही न ठरवता मार्गदर्शकासमोर बसलो की तो सहज जे बोलेल तोच आपला प्लॅन होतो, आणि मग पुढे बिनसलं की दोष त्याचा आणि जमलं तर चमत्कार त्याचा, आपण कुठेच नाही. स्वतःचा प्लॅन हातात घेऊन गेलं की खरी चर्चा होते.

माझ्या मार्गदर्शक ताई फार कमी बोलतात. एका कॉलला मी सरळच विचारलं, ताई, तुम्हीच सांगा ना, सोडू की नको? त्या म्हणाल्या, "ते मी नाही सांगणार. तुमचं डावं पान मला मोठ्याने वाचून दाखवा, सावकाश." मी वाचलं. फी, बचत, अर्जाच्या तारखा, कोणाकडून शिफारसपत्र घ्यायचं ते सगळं. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "सगळ्या ओळींपुढे तारीख आहे. 'आईशी बोलणं' याच्यापुढे का नाही? आणि ती ओळ तुम्ही घाईत वाचलीत." मग त्यांनी मला त्या एका ओळीसोबत थोडा वेळ गप्प बसायला सांगितलं, कॉल चालूच, दोघीही शांत. नंतर तारीख मीच घातली. त्यांनी ना कुठली भविष्यवाणी केली ना उपदेश केला, फक्त मी जे डोळ्याआड करत होते ते समोर ठेवलं, आणि माझ्या मते मार्गदर्शनाने एवढंच करावं पण हे मात्र नक्की करावं.

गीतेचा अठरावा अध्याय मला यानंतर वेगळाच कळला. तिथे कुठलंही काम तडीला जाण्याची पाच कारणं सांगितलीत, अधिष्ठान, कर्ता, साधनं, तऱ्हेतऱ्हेचे प्रयत्न आणि पाचवं दैव. म्हणजे दैव आहेच, त्याला कोणी नाकारलेलं नाही, पण ते पाचातलं एक आहे आणि आधीच्या चारांचं काम ते करत नाही. आणि त्याच अध्यायात सगळं सांगून झाल्यावर कृष्ण अर्जुनाला म्हणतो, यथेच्छसि तथा कुरु, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. प्रत्यक्ष भगवंत निर्णय अर्जुनावर सोडतो, मग एखादा गुरू किंवा कोच आपला निर्णय स्वतःच्या हातात घेऊ बघत असेल तर आपण सावध व्हायला नको का?

वहीच्या मधल्या भागात निर्णय तपासायची काही पानं आहेत, ती इग्नेशियस लोयोला यांच्या पद्धतीवर बेतलेली. सोळाव्या शतकातले हे संत, त्यांच्या साधनेच्या पुस्तकाला पोपनी 1548 मध्ये मान्यता दिली. मला वाटलं होतं फक्त प्रार्थना असेल, पण ते फायदे-तोटे नीट मांडून बघायला सांगतात, मग म्हणतात की अगदी अनोळखी माणूस हाच प्रश्न घेऊन आला तर त्याला काय सांगशील, आणि मरणाच्या दारात उभं राहून मागे बघताना काय ठरवलेलं बरं वाटेल. शेवटी हे सगळं घेऊन देवासमोर बसायचं. त्यांचा अजून एक नियम तर मी डेस्कवर चिकटवून ठेवलाय, मन खचलेलं असताना आधी शांतपणे घेतलेला निर्णय बदलायचा नाही. रात्री भीती वाटते तेव्हा हे एवढं वाक्य पुरतं, सकाळी बघू म्हणून झोपता येतं.

आता जे पटलं नाही ते. शेवटची पानं 'आजचा संकेत' म्हणून आहेत, रोज एक संकेत लिहायचा. हे काढून टाकावं असं माझं स्पष्ट मत आहे. रोज संकेत शोधायला बसलं की एखाद्या ईमेलला उशीर झाला तरी 'जाऊ नकोस' असं वाचलं जातं, आणि मन घाबरलेलं असेल तर सगळेच संकेत घाबरवणारे निघतात. ताईंना विचारलं तर त्यांनी एक छान युक्ती दिली, संकेत लिहायच्या आधी माझी इच्छा आज कुठल्या बाजूला आहे ते लिहायचं. दोन्ही शेजारी शेजारी लिहिलं की किती संकेत म्हणजे आपलीच इच्छा किंवा आपलीच भीती असते ते दिसतं. मी ती पानं आता तशीच वापरते. बाकी कॉलनंतरच्या नोट्स उशिरा येतात, आणि अ‍ॅपची रिमाइंडर सारखी वाजत राहतात, शांतपणा शिकवणाऱ्या गोष्टीने इतकं टोचत राहू नये, बंद करून टाका.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने कौतुक करण्यासारखी. यांच्या अटींमध्ये साफ लिहिलंय की औषधं, गुंतवणूक आणि कायद्याच्या बाबतीत मार्गदर्शक काहीही सांगणार नाहीत, त्यासाठी डॉक्टर किंवा वकिलाकडेच जा, आणि मन फारच खालावलं असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. यापूर्वी मी दुसरीकडे एका ठिकाणी गेले होते, तिथे पहिल्याच भेटीत सांगितलं की इथलं बोलणं घरी सांगू नका आणि मध्येच सोडलंत तर नुकसान होईल. मी परत गेले नाही. घरच्यांपासून लपवायला लावणं आणि सोडून जायची भीती घालणं, यातलं एकही दिसलं तरी उठून यायचं, समोर कितीही मोठं नाव असलं तरी.

माझं सध्याचं सांगायचं तर आईशी बोलून झालं, वर्षभराचा खर्च बाजूला काढला, अर्ज गेला. आता निवड करणारी माणसं काय ठरवतील ते माझ्या कुठल्याही रकान्यात बसत नाही. ते उजव्या पानावर लिहिलंय आणि त्याची प्रार्थना करते. नाही झालं तर काय करायचं तेही डाव्या पानावर आहे, आणि तसं लिहून ठेवलं म्हणून माझा विश्वास कमी झालाय असं मला अजिबात वाटत नाही, उलट प्रार्थना आता जास्त मोकळी होते कारण तिच्यात सौदा राहिलेला नाही.

कोणासाठी चांगलं? ज्यांच्यासमोर खरोखरचा एखादा निर्णय आहे आणि दर महिन्याला लिहून काढायची तयारी आहे त्यांनी जरूर घ्यावं. ज्यांना कोणीतरी 'हे कर' असं सांगून मोकळं करावं असं वाटतंय त्यांना इथे वैताग येईल. पहिला ओळखीचा कॉल फ्री असतो, तो आधी घ्या आणि त्यात मार्गदर्शकाला एकच प्रश्न विचारा, तुमचं म्हणणं मला पटलं नाही आणि मी वेगळं ठरवलं तर तुम्ही काय कराल? मला उत्तर मिळालं होतं, "पुढच्या कॉलला तुम्ही ठरवलेल्याबद्दल बोलू." असं काही ऐकू आलं तर साइन अप करा, नाहीतर दुसरा मार्गदर्शक मागा, बदलून देतात.