बोअरच्या जड पाण्यात हेक्सामेटाफॉस्फेट: कपड्यांना उत्तम, उकळत्या पाण्याला नाही

कोल्हापुरात बोअरच्या पाण्यावर कपडे धुणाऱ्यांनी सोडियम हेक्सामेटाफॉस्फेटची (जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवणारं फॉस्फेट) पावडर जरूर वापरून पाहावी, पण आधी तपासून.

झाकणाच्या दोन बाटल्यांत १०० मिली बोअरचं पाणी घ्या. एकीत चिमूटभर पावडर पूर्ण विरघळवा. मग दोन्हींत साबणाच्या किसाचं द्रावण थेंब-थेंब टाकून हलवा आणि पाच मिनिटं टिकणारा फेस यायला किती लागतं ते मोजा. साध्या बाटलीत आधी फाटलेल्या दुधासारखा साका दिसतो, फेस नंतर. पावडरच्या बाटलीत पाणी नितळ राहून फेस लवकर धरतो. साका दिसलाच तर पावडर कमी पडली. डिटर्जंट घेऊ नका, त्याला जड पाण्यातही फेस येतो.

विरघळलेले क्षार दाखवणारा टीडीएस मीटर इथं निरुपयोगी: पावडर विरघळली की आकडा वाढतोच. कठीणपणा (पाण्याचा जडपणा) मोजायचं ईडीटीएचं थेंबांचं किटही फसवतं, कारण ईडीटीए हे रसायन फॉस्फेटनं धरलेलं कॅल्शियम ओढून घेतं.

स्वस्तात हवं असेल तर धुण्याचा सोडा. कॅल्शियममुळे ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटर (कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात) कठीणपणा असेल, तर १० लिटरला निर्जल सोडा साधारण ५.३ ग्रॅम, खड्यांचा १४.३ ग्रॅम. मात्र गाळ खाली बसू द्यावा लागतो, आणि मॅग्नेशियम बरंचसं तसंच राहतं.

फॉस्फेट गाळ करत नाही, म्हणून मशीनला आमची पसंती त्यालाच. उकळत्या पाण्यात मात्र ते हळूहळू तुटतं, पकड जाते आणि कॅल्शियम फॉस्फेटचा थर बसतो. पिण्याच्या पाण्यात दोन्ही घालू नका.