इराक युद्धावरचा अभ्यासवर्ग : शुल्क सार्थकी लागले, पण मुंबईचे प्रकरण उरकून टाकले

दादर पश्चिमेला एका जुन्या संस्थेच्या पहिल्या मजल्यावर शनिवारी संध्याकाळी भरणारा, इराक युद्ध आणि दहशतवाद यांच्या संबंधावरचा सशुल्क अभ्यासवर्ग नुकताच संपला. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अफगाणिस्तानात सुरू झालेले युद्ध राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी मार्च २००३ मध्ये इराकपर्यंत नेले. दहशतवाद निपटून काढण्याच्या नावाखाली केलेल्या या विस्ताराने दहशतवादालाच खतपाणी मिळाले का, हे तपासणे हा वर्गाचा विषय. युद्धविरोधी भाषणांचा मुंबईला कधीच तुटवडा नव्हता. जानेवारी २००४ मध्ये गोरेगावला नेस्कोच्या मैदानावर जागतिक सामाजिक मंच भरला तेव्हा इराक युद्धाचा निषेध हा त्यातला एक मोठा सूर होता. तेच पुन्हा ऐकायला पैसे कशाला मोजायचे, अशी शंका नाव नोंदवताना होती. ती बहुतांशी फिटली, कारण वर्ग घेणारे निवृत्त प्राध्यापक निषेधाच्या वाटेला जातच नाहीत. ते तारखा आणि कागद पुढे ठेवतात आणि निष्कर्ष काढण्याचे काम श्रोत्यांवर सोपवतात.

सुरुवात त्यांनी ५ फेब्रुवारी २००३ पासून केली. त्या दिवशी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत सद्दाम हुसेन आणि अल कायदा यांचा संबंध जोडून दाखवला, आणि त्या जोडणीतला दुवा म्हणून जॉर्डनचा अतिरेकी अबू मुसाब अल-झरकावी याचे नाव घेतले. या संबंधाच्या पुराव्याचा एक भाग इब्न अल-शेख अल-लिबी या कैद्याच्या जबानीवर उभा होता. ती त्याने पुढे फिरवली आणि छळामुळे दिली असल्याचे सांगितले. २००४ मध्ये ११ सप्टेंबरच्या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या आयोगालाही सद्दाम आणि अल कायदा यांच्यात प्रत्यक्ष सहकार्य असल्याचा पुरावा मिळाला नाही. मात्र ज्या झरकावीला तोवर फारसे कोणी ओळखत नव्हते, त्याचे नाव जगभर झाले, आणि ऑक्टोबर २००४ मध्ये त्याने ओसामा बिन लादेनशी निष्ठा जाहीर केली. युद्धाआधी जो संबंध सिद्ध होत नव्हता तो युद्धानंतर खरोखरच तयार झाला, ही मांडणी प्राध्यापकांनी आवाज न चढवता केली आणि म्हणूनच ती अधिक बोचली.

वर्गाचा सर्वांत कसदार भाग मे २००३ मधल्या दोन आदेशांचा. बगदादमधील अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी १६ मे रोजी सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या फळीतील लोकांना सरकारी सेवेतून दूर केले आणि २३ मे रोजी इराकी सैन्यच बरखास्त केले. टिपणाच्या एकाच पानावर हे दोन्ही आदेश मराठीत शेजारीशेजारी छापलेले होते आणि खाली कोरी जागा होती. त्यांचा परिणाम कोणावर आणि कसा होईल, हे आधी आपण लिहायचे आणि मगच चर्चा व्हायची. ऐंशीच्या दशकात बांधकामाच्या नोकरीनिमित्त बगदादजवळ राहिलेले एक ज्येष्ठ गृहस्थ माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी त्या जागेत एकच ओळ लिहिली आणि उभे राहून वाचली, “सर, पगार बंद झाला, पण बंदूक घरीच राहिली.” प्राध्यापक हसून म्हणाले, “काका, माझे पुढचे अर्ध्या तासाचे बोलणे तुम्ही संपवलेत.”

ते अर्ध्या तासाचे बोलणे अर्थात झालेच, आणि ऐकण्यासारखे झाले. साडेतीन लाखांहून अधिक सैनिक एका कागदाने बेकार झाले. त्यांनी निदर्शने केल्यावर भत्ता देण्याचे ठरले, पण तोवर मने बिघडली होती. शस्त्रसाठ्यांवर पुरेसा पहारा नव्हता. अल-काका येथील कोठारातून शेकडो टन स्फोटके नाहीशी झाल्याचे २००४ मध्ये उघडकीला आले. १९ ऑगस्ट २००३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या बगदादमधील कार्यालयावर ट्रकबॉम्बचा हल्ला होऊन त्यांचे इराकमधील विशेष प्रतिनिधी सर्जिओ व्हिएरा डी मेलो यांच्यासह २२ जण ठार झाले. सद्दामच्या हवाई संरक्षण दलातला हाजी बक्र हा कर्नल पुढे इस्लामिक स्टेटच्या उभारणीतला मुख्य मेंदू ठरला, तर त्या संघटनेचा म्होरक्या अबू बक्र अल-बगदादी २००४ मध्ये अमेरिकी कैदेत राहून बाहेर पडला होता. जून २०१४ मध्ये मोसूल पडले आणि तिथे कामाला गेलेले ३९ भारतीय मजूर इस्लामिक स्टेटच्या हाती लागले. त्यांच्या मृत्यूची सरकारने पुष्टी केली ती मार्च २०१८ मध्ये. वॉशिंग्टनमधल्या निर्णयाची किंमत पंजाब, हिमाचल, बिहार आणि बंगालमधल्या घरांनी कशी मोजली, हे या एका तपशिलाने जितके कळले तितके कोणत्याही नकाशाने कळले नसते.

तिकडे लढलो म्हणजे इथे, आपल्या घरात लढावे लागणार नाही, हा बुश यांचा आवडता युक्तिवाद होता. त्याची तपासणीही नेटकी होती. ११ मार्च २००४ ला माद्रिदच्या लोकलगाड्यांत आणि ७ जुलै २००५ ला लंडनमध्ये स्फोट झाले. ही दोन्ही शहरे युद्धात सामील झालेल्या देशांची होती. लष्करी कारवाईने अल कायदाचा धोका वाढेल, असा इशारा ब्रिटनच्या गुप्तवार्ता समितीने युद्धाआधीच दिला होता, आणि खुद्द अमेरिकी गुप्तचर यंत्रणांनी एप्रिल २००६ च्या अहवालात इराकमधील संघर्षाने जिहादी चळवळीला नवे समर्थक मिळत असल्याचे नमूद केले. हा अहवाल विरोधकांचा नव्हता, बुश यांच्याच सरकारचा होता, आणि एवढे झाल्यावर जानेवारी २००७ मध्ये त्यांनी इराकमध्ये आणखी वीस हजारांहून अधिक सैनिक पाठवण्याचे जाहीर केले. त्या जादा सैन्याने हिंसाचार काही काळ खरोखर कमी झाला, हे प्राध्यापकांनी लपवले नाही. इराकमधल्या सुन्नी जमाती अल कायदाच्या विरोधात उभ्या राहिल्या, हेही सांगितले. एवढा प्रामाणिकपणा आमच्याकडच्या व्याख्यानांत सहसा आढळत नाही.

तक्रार आहे ती शेवटच्या सत्राबद्दल. दहशतवाद आणि मुंबई असा विषय पत्रकात ठळक छापला होता, आणि मुंबईकर नाव नोंदवतो तो बहुधा त्यासाठीच. प्रत्यक्षात २५ ऑगस्ट २००३ चे गेटवे आणि झवेरी बाजारातील स्फोट, ११ जुलै २००६ चे लोकलमधले स्फोट आणि २६ नोव्हेंबर २००८ चा हल्ला एकाच तक्त्यात, इराक युद्धाच्या घटनांशेजारी तारखेनुसार मांडले गेले. तक्ता पाहणाऱ्याला वाटावे की बगदादमध्ये सैन्य गेले म्हणून व्हीटीवर गोळ्या झाडल्या गेल्या. हे बरोबर नाही. १२ मार्च १९९३ च्या मुंबईतल्या साखळी स्फोटांत २५७ माणसे गेली तेव्हा इराकवरचे ते आक्रमण दहा वर्षे दूर होते, आणि २००८ चा हल्ला आखणाऱ्या लष्कर-ए-तय्यबाची मुळे पाकिस्तानात आणि काश्मीरच्या प्रश्नात आहेत. युद्धाने दहशतवाद वाढतो हे एका ठिकाणी पुराव्यानिशी दाखवले म्हणून प्रत्येक स्फोटाचे पाप त्याच युद्धावर टाकता येत नाही. तसे टाकले की मूळ पुरावाही हलका पडतो आणि दहशतवाद्यांना एक आयती सबब मिळते.

याहून मोठी संधी दवडली ती तुलनेची. १६६ जणांचा बळी गेल्यावरही मनमोहन सिंग सरकारने २००८ मध्ये युद्ध पुकारले नाही. पुरावे पाकिस्तानपुढे ठेवले, राष्ट्रीय तपास संस्था उभी केली, आर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयात अजमल कसाबवर रीतसर खटला चालवला. त्यापूर्वी जुलै २००३ मध्ये वाजपेयी सरकारने इराकमध्ये भारतीय सैन्य पाठवण्यास नकार दिला होता. या निर्णयांनी काय साधले आणि काय साधले नाही, यावर एक पूर्ण संध्याकाळ सहज रंगली असती. एका तरुणीने पाकिस्तानातल्या तळांवर २०१६, २०१९ आणि २०२५ मध्ये झालेल्या भारतीय कारवायांबद्दल विचारले, “मग सर, हाच निकष आपल्यालाही लावायचा का?” प्रश्न रास्त होता, उत्तर मात्र वेळ संपल्याचे मिळाले. बुश यांच्यावर बोलताना दिसलेला धीटपणा इथे दिसला नाही, हे नोंदवणे भाग आहे.

व्यवस्थेबद्दल थोडक्यात. टिपणे स्वच्छ छापलेली आणि जपून ठेवण्याजोगी आहेत. वर्ग वेळेवर सुरू होतो. मागच्या रांगांत ध्वनिक्षेपक नीट ऐकू येत नाही आणि पडद्यावरचा नकाशा तिथून वाचता येत नाही, तेव्हा लवकर जाऊन पुढे बसावे. जिना उंच आहे आणि लिफ्ट नाही, ही बाब नोंदणीच्या वेळीच सांगायला हवी होती.

मार्च २००३ ते २०१४ हा काळ कागदपत्रांच्या आधारे समजून घ्यायचा असेल तर पुढच्या तुकडीत बेलाशक नाव नोंदवावे. मराठीत इतकी बांधेसूद मांडणी माझ्या तरी ऐकण्यात नाही. केवळ मुंबईवरच्या हल्ल्यांसाठी येऊ इच्छिणाऱ्यांनी मात्र आयोजकांना आधी विचारून घ्यावे की शेवटचे सत्र बदलले आहे का.