कोॲक्सियल घ्यावेत की कॉम्पोनंट? आणि ॲम्प कुणाला लागतो?

बेळगावात गाडीचे स्पीकर बदलायला गेलात की काउंटरवर दोन खोकी येतात. एकात कोॲक्सियल. वूफरच्या (जाड आवाजाचा मोठा स्पीकर) पोटातच ट्वीटर (बारीक आवाजाचा छोटा) बसवलेला असतो, जुना काढला की त्याच भोकात बसतो, अर्ध्या दिवसात गाडी हातात. दुसऱ्यात कॉम्पोनंट. दरवाजात नुसता वूफर, ट्वीटर वेगळा वर आरशाच्या कोपऱ्यात, आणि दोघांना आपापला आवाज वाटून देणारा क्रॉसओव्हर. दुकानदार कन्नडात बोलो की मराठीत, बोट कायम वॅटच्या मोठ्या आकड्यावरच असतं. माझं मत आधीच सांगून टाकतो: ॲम्प्लिफायर, म्हणजे स्पीकरला जास्त ताकद देणारी वेगळी पेटी, घेणार नसाल तर कॉम्पोनंटच्या नादाला लागू नका.

गाडीत बसवून आलेल्या कंपनीच्या टेपवर, म्हणजे स्टिरिओवर, ‘५० वॅट × ४’ लिहिलेलं असतं तो क्षणभराचा कमाल आकडा. कामाचा आकडा आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी ताकद. गाडी चालू असताना १४ व्होल्टच्या आसपास मिळतात आणि तेवढ्यावर टेपमधली चिप ४ ओहमच्या (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध) स्पीकरला साधारण १५ ते २० वॅट आरएमएस देते. स्पीकरच्या खोक्यावरचा वॅटचा आकडा तर आणखी वेगळा. तो स्पीकर किती देतो हे सांगत नाही, किती सोसतो एवढंच सांगतो. ‘३०० वॅट’चा स्पीकर टेपला जोडला म्हणून आवाज काडीभरही वाढत नाही.

अशा वेळी बघायचं ते सेन्सिटिव्हिटीकडे. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज निघतो, तो हा आकडा. तीन डेसिबलचा फरक म्हणजे दुप्पट वॅट. ९१ डेसिबलचा कोॲक्सियल १८ वॅटवर जेवढा वाजेल, तेवढंच वाजायला ८८ डेसिबलच्या कॉम्पोनंटला ३६ वॅट लागतील, आणि ते टेपकडे नाहीत. यातही एक पाचर आहे. काही कंपन्या मोजमाप एका वॅटवर न देता २.८३ व्होल्टवर देतात. ४ ओहमच्या स्पीकरला तेवढ्या व्होल्टला दोन वॅट जातात, म्हणजे आकडा फुकटात तीन डेसिबलनं फुगतो. दोन खोकी शेजारी ठेवून बघताना हे बारीक अक्षर आधी वाचा.

मग कॉम्पोनंट घ्यायचेच कशाला? आवाज पायाशी न राहता समोर डॅशबोर्डवर उभा राहतो म्हणून. दुकानात डेमोला ढिंगच्याक लावतात, त्यात काहीही बरंच वाटतं. त्यापेक्षा कुमार गंधर्वांचं एखादं भजन लावायला सांगा. बेळगावजवळच्या सुळेभावीचा माणूस, आपल्याकडे तेवढा हक्क चालतो. तानपुऱ्याची झणक वरून आणि गळा समोरून येतोय का, की सगळं गुडघ्याजवळून, हे दोन मिनिटांत कळतं. डग्ग्याचा घुमारा दरवाज्याच्या पत्र्यात फडफडला तर दोष बहुतेक वेळा स्पीकरचा नसतो, दरवाजात डॅम्पिंगची, म्हणजे पत्र्याची थरथर दाबणारी, शीट नसते. ती कोॲक्सियललाही हवीच. खानापूर-कणकुंबीकडची गाडी असेल तर कागदी कोनऐवजी (कोन म्हणजे स्पीकरचा हलणारा पडदा) पॉलिप्रॉपिलीनचा कोन घ्या. तिकडच्या पावसात काचेच्या फटीतून दरवाजात पाणी उतरतंच.

ॲम्प घ्यायचा ठरला तर खोकं बाजूला ठेवा आणि ॲम्पवरचा फ्यूज बघा. ‘१८०० वॅट’ छापलंय आणि फ्यूज ३० अँपिअरचा, असं समजा. ३० गुणिले १४.४, म्हणजे बॅटरीतून जास्तीत जास्त ४३० वॅटच्या आसपास ओढले जाणार. ॲम्प क्लास डी जातीचा असेल तर त्यातले साधारण ८० टक्के आवाजाला लागतात, एबी असेल तर ६०च्या आसपास; बाकीची उष्णता. म्हणजे चार चॅनेलला वाटून ६५ ते ८५ वॅट. दरवाजाच्या स्पीकरांना एवढे भरपूर झाले, पण १८०० कुठे गेले ते दुकानदारालाच विचारा. आरएमएस १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि एक टक्का डिस्टॉर्शनवर (आवाजाच्या बिघाडावर) मोजलाय असं लिहिलं असेल तर तो आकडा धरून चाला.

ओहमचं थोडक्यात: ४ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की २ ओहम होतात. ॲम्पला तेवढं झेपतं का ते बघून घ्या, नाहीतर तो तापून बंद पडत राहतो. गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे. टेपकडून येणारा सिग्नल ॲम्पशी जुळवायची ती चावी आहे. ती पूर्ण पिळली की आवाज फाटतो, आणि फाटलेल्या आवाजानं सगळ्यात आधी ट्वीटर जातो.

निपाणीहून हायवेनं रोज येजा, गाडीत एकटेच, गाण्याची खरी आवड: ॲम्प, कॉम्पोनंट आणि डॅम्पिंग, तिन्हीचा खर्च एकदमच धरा. यातलं एक गाळून बाकीचे दोन घेण्यात अर्थ नाही. घरची गाडी, मागे पोरंबाळं, चोर्ल्यातून गोव्याला कधीमधी: चांगल्या सेन्सिटिव्हिटीचे कोॲक्सियल घ्या आणि उरलेल्या पैशात सीटखालचा ॲक्टिव्ह सबवूफर, म्हणजे फक्त खोल बेस वाजवणारा स्पीकर. त्याचा ॲम्प त्याच्या आतच असतो, बहुतेकांना स्पीकरच्या वायरीतूनच सिग्नल देता येतो, त्यामुळे टेप बदलायला नको. टेपमध्ये सोय असेल तर दरवाजाच्या स्पीकरांचं ८० हर्ट्झच्या खालचं, म्हणजे खोल बेसचं काम हाय-पास फिल्टर लावून काढून घ्या. ते मोकळे होतात आणि शब्द स्वच्छ ऐकू येतात. डिक्की भरून टाकणाऱ्या बेस ट्यूबपेक्षा मला हेच पटतं.

दोन्हीकडे फिटिंगवाल्याला एक अट घाला: कंपनीची वायर कापायची नाही, कपलर (वायर न कापता जोडायचा तयार प्लग) लावायचा. वॉरंटीतल्या गाडीला तर हे हवंच. आणि ॲम्पची वायर बॅटरीपासून निघाल्यावर फूट-दीड फुटाच्या आत फ्यूज असलाच पाहिजे. बॉनेट उघडून तो स्वतः बघा, मगच पैसे द्या.