इन्सिडंट फॉर्म की ट्रिगर टूल?

छोट्या रुग्णालयात क्वालिटीचं काम बघणाऱ्या एका मॅट्रनचा प्रश्न: रुग्णसुरक्षा मोजायला इन्सिडंट फॉर्म (चूक किंवा धोका दिसला की कर्मचाऱ्यांनी स्वतः भरायचे) पुरेसे, की ग्लोबल ट्रिगर टूल (केसपेपर तपासून उपचारातले अपाय शोधायची पद्धत) आणायचं?

किती सापडतं, यात तुलनाच नाही. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात 795 केसपेपरांतून ट्रिगर टूलने 354 अपाय शोधले. स्वेच्छेने भरलेल्या फॉर्ममधून फक्त 4. फॉर्म भरायला वेळ नसतो, शिवाय आपलं नाव येईल ही धास्ती. ट्रिगर टूल डिस्चार्जनंतरच्या केसपेपरात खुणा शोधतं. मॉर्फिनवरचा उतारा, नॅलोक्सोन, दिलंय? मग मॉर्फिन जास्त झालं होतं का, ते पाहायचं.

मेहनत मात्र आहे: पंधरवड्याला 10 केसपेपर, प्रत्येकी जास्तीत जास्त 20 मिनिटं, दोन तपासनीस आणि पडताळणीला डॉक्टर. नोंदीच धड नसतील तर हाती काही लागत नाही.

फॉर्मची ताकद वेगळी. चुकीचं इंजेक्शन भरलं, पण देण्याआधी सिस्टरच्या लक्षात आलं. हे केसपेपरात बहुधा दिसणारच नाही.

अपाय महिनोन्महिने घटतायत का, हे बघायचं तर ट्रिगर टूल. वॉर्डातला धोका आजच कळायला हवा तर फॉर्म, तोही शिक्षा न करण्याच्या हमीसह. फॉर्मची संख्या सुरक्षेचा आकडा म्हणून मात्र व्यवस्थापनापुढे ठेवू नका.