टेस्टसाठी पॅकेजं कुठून घ्यायची: थेट, कॅशमधून की स्वतःच्या रिपॉझिटरीतून?

चवथीच्या सुट्टीआधी आमच्या फोंड्याच्या ऑफिसात सगळ्या टेस्ट पास होत होत्या. सुट्टीवरून परतलो तर सतरा फेल. कोडची एक ओळही कोणी बदलली नव्हती. बदललं होतं डेबियन टेस्टिंगमधलं (डेबियन या लिनक्सची सतत बदलणारी, अजून पक्की न झालेली आवृत्ती) एक पॅकेज. आमचं सॉफ्टवेअर ॲप्टमधून (डेबियनचं पॅकेजं बसवणारं साधन) बसतं आणि तिथूनच अपडेट होतं. तुमचंही तसंच असेल, तर पॅकेजं कुठून घ्यायची हे आधी ठरवा.

थेट सार्वजनिक रिपॉझिटरी (पॅकेजं जिथून उतरवतात तो साठा) वापरली तर सेटअप काहीच नाही. पण ती तुमच्या ताब्यातही नाही. मार्च २०१६ मध्ये एनपीएमवरून (जावास्क्रिप्टच्या पॅकेजांचा सार्वजनिक साठा) लेफ्ट-पॅड हे ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतलं आणि जगभरचे बिल्ड अडले. त्यात आपल्याकडे पावसात नेटची लाइन गेली की टेस्टही थांबतात. तरी रात्री एक टेस्ट मी थेट चालवतोच: उद्या गिऱ्हाइकाकडे काय फुटणार ते आज कळतं.

कॅश, म्हणजे उतरवलेल्या फाइली जवळ ठेवणारा सर्व्हर, अर्ध्या तासात उभा राहतो. डेबियनसाठी ॲप्ट-कॅशर-एनजी (पोर्ट ३१४२), एनपीएमसाठी व्हर्डाचिओ, पायथनसाठी डेवपाय. एकदा उतरवलेली फाइल पुन्हा बाहेरून आणावी लागत नाही, वेळ खूप वाचतो. पण कॅश म्हणजे गोठवलेली प्रत नव्हे. फाइल जुनी असली तरी इंडेक्स (पॅकेजांची यादी) मूळ रिपॉझिटरीतूनच ताजा येतो, म्हणजे नवी आवृत्ती आली की तीच बसते. चवथीला आमच्याकडे कॅश होता, तरी हे झालं.

म्हणून मी स्वतःच्या रिपॉझिटरीकडे वळलो. ॲप्टली या साधनाने मिरर करा (प्रत उतरवा), त्याचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली प्रत) घ्या, आपल्या जीपीजी कीने (डिजिटल सहीची किल्ली) सही करून पब्लिश करा. अख्खं डेबियन उतरवू नका, ते शेकडो जीबी भरतं. फिल्टर लावून लागणारी पॅकेजं आणि त्यांच्या डिपेंडन्सी (ती ज्यांवर अवलंबून असतात ती पॅकेजं) तेवढ्याच घ्या. पहिल्यांदा दोन दिवस जातात, मुख्यतः कीच्या भानगडीत. पण मग रिपॉझिटरी मुद्दाम मोडता येते: मुदत संपलेली जीपीजी की, इंडेक्समध्ये नाव आहे पण फाइल नाही, डाउनलोड चालू असताना सर्व्हर बंद. अपडेट अर्ध्यात तुटल्यावर गिऱ्हाइकाच्या दुकानातलं मशीन पुन्हा सुरू होतं का, हे मला असंच तपासता आलं.

डेबियनचं स्वतःचं स्नॅपशॉट संग्रहालयही आहे, २००५ पासूनचं. जुना बग शोधायला उत्तम. मात्र टेस्टिंग आणि सिक्युरिटीच्या जुन्या रिलीज फाइलींची (इंडेक्सची सही केलेली माहिती) मुदत संपलेली असते, त्यामुळे ॲप्टची ती तपासणी बंद करावी लागते. रोजच्या टेस्टचा भार त्या सर्व्हरवर टाकू नये.

तुमच्या सॉफ्टवेअरला पॅकेजं फक्त बिल्डपुरती लागत असतील, तर लॉक फाइल (पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्या नोंदवणारी) आणि कॅश पुरे. ते स्वतः पॅकेजं बसवत किंवा अपडेट करत असेल, तर स्वतःची रिपॉझिटरी हवीच. महिन्यातून एकदा नवा स्नॅपशॉट घ्या आणि आधीचा पुसू नका. अपग्रेडची टेस्ट जुन्यावरून नव्यावर जाऊनच होते.