फिल्म की डिजिटल? कॅमेरा घेण्याआधी

फिल्म घ्यावी की डिजिटल, यावरचा वाद बहुतेकदा 'कुणाचा फोटो छान दिसतो' इथेच अडकतो. सरावलेल्या हातात दोन्हींचे फोटो छानच येतात. माझ्या मते आधी पाहायचं ते एवढंच, की फोटोबद्दलचे निर्णय तुम्हाला कधी घ्यायला आवडतात.

कॅमेऱ्यात ४०० आयएसओचा (आयएसओ म्हणजे प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) रोल भरला की ३६ फ्रेम संपेपर्यंत तोच. रंगीत की कृष्णधवल, हेही तेव्हाच ठरून जातं. डिजिटलमध्ये उन्हात १०० आयएसओ आणि दोन मिनिटांनी अंधाऱ्या खोलीत ६४०० चालतं. रॉ फाइल (सेन्सरने टिपलेली, कॅमेऱ्याने पक्की न केलेली माहिती) असेल तर रंगांचं नंतर निवांत बघता येतं. म्हणून पक्षी, खेळ, समारंभ, रात्रीचे रस्ते, पळती मुलं असे विषय डोक्यात असतील तर डिजिटलच घ्या. तिथे फिल्मचा हट्ट धरण्यात मला अर्थ दिसत नाही.

प्रकाशाच्या बाबतीत मात्र दोन्हींचे स्वभाव उलटे आहेत, आणि हे आधी कुणी सांगत नाही. रंगीत निगेटिव्ह (उलट्या रंगांत चित्र उमटणारी नेहमीची फिल्म) जास्तीचा प्रकाश सहज पचवते. एक-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा प्रकाश) ओव्हर झालं तरी ढगांतले, पांढऱ्या कपड्यांतले बारकावे टिकतात. प्रकाश कमी पडला तर सावल्या मातकट आणि दाणेदार होतात, आणि फिल्मवर जे उमटलंच नाही ते रोल कितीही जास्त वेळ धुतला तरी येत नाही. डिजिटलचा सेन्सर एका मर्यादेपर्यंतच उजेड घेतो. त्यापुढे आकाश कोरं पांढरं होतं आणि तसंच राहतं. सावलीतून मात्र बरंच काही वर काढता येतं. म्हणजे निगेटिव्ह वापरताना सावलीकडे बघून एक्स्पोजर (किती प्रकाश आत घ्यायचा ते) ठरवा, डिजिटलवर उजेडाकडे बघून. स्लाइड फिल्मला, म्हणजे जिच्यावर थेट सरळ चित्र उमटतं तिला, हे लागू नाही. ती अर्ध्या स्टॉपची चूकही दाखवते, तेव्हा सुरुवात तिच्यापासून नको.

फिल्मने शिस्त लागते असं म्हणतात, आणि ते खरं आहे. मागे स्क्रीन नसल्यामुळे नजर समोरच्या माणसावर राहते, हे मला फार मोलाचं वाटतं. पण नवशिक्याला डिजिटल लवकर शिकवतं. चूक लगेच दिसते आणि शटर, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत घेणारं छिद्र) फाइलमध्येच नोंदलेलं असतं. रोल धुऊन येईपर्यंत कोणत्या फ्रेमला काय लावलं होतं हे आठवत नाही. वहीत लिहून ठेवावं लागतं.

डिजिटलचा मोठा खर्च सुरुवातीला एकदाच होतो. फिल्मचा कॅमेरा स्वस्तात मिळाला तरी रोल, धुलाई आणि स्कॅन हा खर्च शेवटपर्यंत चालू राहतो. जुना कॅमेरा घेताना मागचं दार उघडून कडांचा, बाहेरचा उजेड अडवणारा फोम चिकट झालाय का बघा, कमी वेगाचं शटर अडकतंय का ऐका. बॅटरीचीही चौकशी करा: काही जुन्या कॅमेऱ्यांचे प्रकाश मोजणारे मीटर १.३५ व्होल्टच्या पारा-बॅटरीसाठी बनवलेले होते, त्या आता बनत नाहीत. कृष्णधवल रोल घरी २० अंशांवर धुता येतो. रंगीत सी-४१ प्रक्रियेला सुमारे ३८ अंश नेमके सांभाळावे लागतात. लॅबमध्ये रोल दिलात तर निगेटिव्ह परत मागून घ्या. स्कॅन पुन्हा करता येतो, निगेटिव्ह एकच असते आणि दमट जागी तिला बुरशी लागते. फाइलच्या हुबेहूब प्रती काढता येतात, पण त्या काढायची सवय हवी.

मन दोन्हीकडे ओढ घेत असेल तर लेन्स सामाईक ठेवा. कॅननच्या १९८७ पासूनच्या ईएफ लेन्स ईओएस मालिकेतल्या फिल्म एसएलआरवर (आरशातून लेन्समधलंच दृश्य दाखवणारा, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) आणि डिजिटल एसएलआरवरही बसतात. फुल-फ्रेम सेन्सर ३५ मिमी फिल्मच्या फ्रेमएवढाच, २४ × ३६ मिमी असतो, त्यामुळे ५० मिमीची लेन्स दोन्हींवर तेवढंच दृश्य दाखवते. आधी डिजिटल बॉडी आणि ही एक लेन्स घ्या. एक्स्पोजर हातात बसलं की जुनी फिल्म बॉडी आणि ४०० चा कृष्णधवल रोल आणा.