तीन सर्व्हर आणि सात पानांचा फॉर्म: एचएप्रॉक्सीवर स्टिकी सेशनचे नऊ महिने

आमच्या शिक्षण संस्थेचं प्रवेश अर्जाचं पोर्टल जुन्या पीएचपीवर चालतं. अर्ज सात पानांचा आहे आणि शेवटचं ‘सबमिट’ दाबेपर्यंत सगळी माहिती सेशनमध्ये असते. सेशन म्हणजे त्या त्या सर्व्हरच्या डिस्कवरची एक फाइल. एप्रिलमध्ये एकाचे तीन सर्व्हर केले, त्यांच्यापुढे लोड बॅलन्सर (येणाऱ्या लोकांना सर्व्हरांत वाटून देणारा प्रोग्रॅम) म्हणून एचएप्रॉक्सी बसवला आणि पहिल्याच दिवशी मुद्दा आला: पहिलं पान ज्या सर्व्हरवर भरलं, बाकीची सहाही तिथंच जायला हवीत. यालाच स्टिकी सेशन म्हणतात. गेल्या नऊ महिन्यांत यासाठी तीन पद्धती वापरून झाल्या.

सुरुवात सोर्स आयपीने केली, म्हणजे माणूस ज्या इंटरनेट पत्त्यावरून (आयपी) येतो त्यावरून सर्व्हर ठरवायचा. तेव्हा बॅलन्सर टीसीपी मोडमध्ये होता, म्हणजे डेटा न उघडता पुढे पाठवत होता, आणि तो उघडायला लागणारं एसएसएल सर्टिफिकेट वेब सर्व्हरांवरच होतं, त्यामुळे बॅलन्सरला आयपी आणि पोर्ट सोडून आत काही दिसत नव्हतं. ‘बॅलन्स सोर्स’ ही एक ओळ लिहिली की झालं. ऑफिसमध्ये बसून वापरणाऱ्या लोकांसाठी ही पद्धत पुरेशी आहे, असं मला आजही वाटतं. पण आमचा अर्ज भरणारी मुलं ऑफिसात बसत नाहीत. तालुक्याच्या गावी महा ई-सेवा केंद्रात आठ-दहा कॉम्प्युटर एकाच आयपीमागे असतात, ते सगळे एकाच सर्व्हरवर जाऊन बसायचे. मोबाइल डेटावर तर सीजीनॅटमुळे (मोबाइल कंपनी अनेक ग्राहकांना एकच आयपी वाटून देते) कितीतरी फोन एका आयपीमागे. आणि याच्या उलट, एकच मुलगी घरच्या वायफायवरून मोबाइल डेटावर गेली की तिचा आयपी बदलायचा.

जूनमध्ये रात्री साडेनऊला एका वडिलांचा फोन आला. “सर, पोरीने चौथ्यांदा फॉर्म भरलाय. पाचव्या पानावर गेलं की परत लॉगिन मागतंय.” घरात नेट नीट येत नाही म्हणून ती अंगणात येऊन फोनवर भरत होती. वायफाय सुटायचं, डेटा लागायचा, आयपी बदलायचा आणि ती दुसऱ्या सर्व्हरवर जाऊन पडायची. तिची सेशन फाइल पहिल्याच सर्व्हरवर शाबूत होती. मी त्यांना एकाच नेटवरून भरायला सांगितलं, तिचा अर्ज त्या रात्री गेला. पण असं फोनवर किती जणांना सांगणार?

या पद्धतीत आणखी एक खाच आहे, ती आम्हाला उशिरा कळली. बॅलन्सर आयपीवरून एक आकडा (हॅश) काढतो, त्याला चालू सर्व्हरांच्या एकूण वजनाने (कोणाचा किती वाटा) भागतो आणि त्यावरून सर्व्हर ठरवतो. तीनातला एक बंद केला की फक्त त्याच्यावरचे लोक हलतील असा आमचा समज होता. प्रत्यक्षात भाजकच बदलतो आणि जवळपास सगळ्यांच्या जागा बदलतात. ‘हॅश-टाइप कन्सिस्टंट’ लावल्यावर हे बरंच आटोक्यात आलं. ज्यांना सोर्स आयपीच वापरायचाय त्यांनी ही ओळ पहिल्या दिवसापासून घालावी.

मग आठवडाभर स्टिक-टेबल. कोणता आयपी कुठल्या सर्व्हरवर गेला याची नोंद बॅलन्सर स्वतः ठेवतो, ती डोळ्यांनी बघता येते, हे छान आहे. कॉन्फिगमध्ये ‘पीअर्स’चा (नोंदी नव्या प्रोसेसकडे सोपवणारा) भाग लिहिला नाही तर रीलोड केल्यावर टेबल कोरं होतं, तेवढं सांभाळायचं. पण ओळख आयपीवरूनच, त्यामुळे अंगणातल्या मुलीची अडचण जशीच्या तशी.

शेवटी सर्टिफिकेट बॅलन्सरवर आणलं, मोड एचटीटीपी केला, म्हणजे बॅलन्सरला आतलं दिसू लागलं, आणि त्याच्याकडून कुकी (कुठल्या सर्व्हरवर जायचं ते सांगणारी, ब्राउझरमध्ये राहणारी चिठ्ठी) टाकायला लावली: ‘इन्सर्ट, इनडायरेक्ट, नोकॅश’. आता आयपी कितीही बदलला तरी ब्राउझर कुकी परत आणतो. त्या प्रकारच्या तक्रारी दोन दिवसांत थांबल्या.

आणि फी भरण्याच्या पानावर नव्या सुरू झाल्या. पैसे कापले जायचे, पण परत आल्यावर लॉगिनचं पान. आमच्या टेस्टिंगमध्ये एकदाही असं झालं नव्हतं. उलगडा लॉगमध्ये झाला. ‘एचटीटीपीलॉग’ चालू असेल तर प्रत्येक ओळीत कुकीची दोन अक्षरं येतात: ‘व्हीएन’ म्हणजे बरोबर कुकी आली, ‘एनआय’ म्हणजे कुकी आलीच नाही, म्हणून नवीन घातली. पेमेंट गेटवेहून परतणाऱ्या ओळींवर ओळीने ‘एनआय’. गेटवे आमच्या पानावर पोस्ट (फॉर्म सबमिट केल्यासारखी विनंती) करून परत पाठवतो, आणि २०२० पासून क्रोम सेमसाइट (दुसऱ्या साइटवरून येताना कुकी पाठवायची का ते सांगणारी खूण) न लिहिलेली कुकी ‘लॅक्स’ धरतो, म्हणजे दुसऱ्या साइटवरून आलेल्या पोस्टबरोबर ती जात नाही. फक्त नुकत्याच टाकलेल्या कुकीला दोन मिनिटांची सवलत आहे. आम्ही टेस्ट करताना लॉगिन करून लगेच पैसे भरायचो, दोन मिनिटांच्या आत. खरा विद्यार्थी अर्धा तास फॉर्म भरून मग तिथं पोचतो. पीएचपीच्या (सेशन ओळखणाऱ्या) कुकीला ‘सेमसाइट नन’, म्हणजे दुसऱ्या साइटवरूनही पाठव, आणि ‘सिक्युअर’ आधीच लावलेलं होतं, बॅलन्सरच्या कुकीला लावायचं राहिलं. तीन सर्व्हर, म्हणून साधारण तिघांतले दोघे चुकीच्या ठिकाणी उतरत होते. दुरुस्ती एका ओळीची होती. ज्यांचे पैसे अडकले त्यांच्या नोंदी जुळवायला मात्र आम्हा तिघांचे चार दिवस गेले, आणि त्या चार दिवसांत घरोघरी लोक किती काळजीत असतील याचं मला अजून वाईट वाटतं.

कुकीचा रोजचा मोठा फायदा म्हणजे ‘ड्रेन’. सर्व्हर अपडेट करायचा तर त्याला ड्रेनमध्ये टाकतो: नवीन माणूस तिकडे जात नाही, कुकीवाला मात्र आपलं काम तिथंच पूर्ण करतो. तासाभराने तो रिकामा झाला की हात घालायचा. ऑगस्टपासून एकही अपडेट मध्यरात्री करावं लागलेलं नाही.

सर्व्हर अचानक पडला तर मात्र कुकी काही वाचवत नाही. लॉगमध्ये ‘डी’ दिसतं, माणूस दुसरीकडे पाठवला जातो आणि पहिल्या पानापासून सुरुवात करतो. नऊ महिन्यांत हे एकदा झालं. म्हणून पुढच्या प्रवेशांच्या आधी सेशन रेडिसमध्ये (तिन्ही सर्व्हरांच्या सामाईक साठ्यात) हलवतोय, चाचणी सुरू आहे. कुकीची ओळ इतक्यात काढणार नाही, कारण मुलांचे फोटो आणि दाखले सबमिट होईपर्यंत अजून त्या त्या सर्व्हरच्या टेम्प फोल्डरमध्येच पडून असतात.